गाजरवालीची ओळख

ज्या दिवशी तपासनीसांनी घरातल्या सगळ्या फोनच्या कॅमेऱ्यांना जखमेवर लावायच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या दिवशी घरात कोणालाही जखम झालेली नव्हती. ती पुढे व्हायची होती, आणि पट्टीने झाकण्यासारखी नव्हती.

तपासनीस हे त्यांचं नाव नव्हे, काम. विमा कंपनीत लोक जे दावे घेऊन येतात ते खरे की खोटे, हे तपासायचं काम. सगळी नोकरी त्यांनी काचेच्या खिडकीआड बसून समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारण्यात घालवली होती. "तुम्ही तुम्हीच कशावरून?" हा प्रश्न ते इतक्या थंडपणे विचारत की चांगल्या चांगल्या माणसांना आपण दुसरेच कोणीतरी असल्यासारखं वाटू लागे. बिल्डिंगमध्येही सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. त्यांना ते आवडायचं, पण आवडतं असं ते कधी दाखवत नसत.

तर झालं असं. एका सकाळी खुर्चीवरून उठताना त्यांच्या तोंडून "आई गं, गुडघा" एवढंच निघालं. खोलीत कोणी नव्हतं, फक्त टेबलावर फोन होता. चहा होईपर्यंत त्या फोनवर गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याची जाहिरात आली, आणि खाली लिहिलं होतं, 'खास तुमच्या वयासाठी'. गुडघ्याचं एक वेळ त्यांनी सोडून दिलं असतं. वयाचं जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी जिन्यात चर्चा झाली. कुठल्याही बिल्डिंगमधले सगळे मोठे निर्णय जिन्यातच होतात, कारण तिथे बसायला जागा नसते आणि तरीही कोणी हलत नाही. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. ते म्हणाले, "तुम्ही निदान बोललात तरी. मी नुसता विचार केला होता की नवे बूट घ्यावेत. मनातल्या मनात. दुसऱ्या दिवशी फोनवर बूट हजर."

"मनातलं कसं कळेल, डॉक्टर?"

"तेच तर. माझे जुने बूट फाटलेत हे फक्त मला आणि माझ्या पायाला माहीत होतं."

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी दोघांकडे दयेने पाहिलं. मास्तर भूगोल शिकवायचे, त्यामुळे जगाविषयी शेवटचा शब्द आपलाच, असं ते धरून चालत. "याला उपाय एकच," ते म्हणाले. "खोटी माहिती. फोन जे विचारेल त्याचं खोटं उत्तर द्यायचं. मी जन्मतारीख अशी टाकली आहे की यंत्राच्या हिशेबाने मी अजून बालवाडीत आहे."

"आणि त्याने काय होतं?"

"रंगीत खडूंच्या जाहिराती येतात. बाकी शांतता."

तपासनीसांना हे मनापासून पटलं. जन्मभर खोटं पकडणाऱ्या माणसाला एकदा तरी खोटं बोलायला मिळावं, आणि तेही स्वसंरक्षणासाठी, हा मोह साधा नव्हता.

पहिलं पाऊल पट्ट्यांचं. दूर नोकरी करणाऱ्या मुलीचा बुधवारी व्हिडिओ कॉल आला, तर तिला पडद्यावर नुसता चॉकलेटी रंग दिसला. "बाबा, कुठे आहात तुम्ही? लाईट गेलीय का?"

"मी इथेच आहे. आवाज ऐक. चेहरा सुरक्षित आहे."

"आई कुठे आहे?"

"तीही सुरक्षित आहे."

मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा बघून कोण काय करणार आहे?" या वाक्याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. तपासनीसांनी ज्या बाजूने पाहिलं त्या बाजूने त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा काढली आणि घरातले सगळे पासवर्ड बदलायला घेतले. आपल्या फोनवरचे बदलून झाल्यावर त्यांची नजर बायकोच्या फोनवर गेली. ती आंघोळीला गेली होती. घराची सगळी दारं लावून घ्यायची आणि एक उघडं टाकायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. विचारायला हवं होतं, हे खरं. पण चांगलं काम करताना विचारायचं नसतं, अशी त्यांची जुनी समजूत होती, आणि या समजुतीने त्यांना आजवर प्रत्येक वेळी गोत्यात आणलं होतं.

त्यांनी एक भयंकर पासवर्ड रचला. तो इतका अवघड होता की खात्रीसाठी पुन्हा टाइप करताना त्यांचा त्यांनाच चुकला. मग यंत्राने गुप्त प्रश्न विचारला, 'बालपणीच्या जिवलग मित्राचं नाव काय?' तपासनीस गालातल्या गालात हसले आणि त्यांनी साफ खोटं नाव टाकलं. कागदावर काहीही लिहून ठेवलं नाही, कारण कागद सापडतो. शेवटी पडद्यावर 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' असं एक बटण आलं. त्या वाक्यातली शिस्त त्यांना फार आवडली. त्यांनी ते दाबलं.

दुपारी जेवणं झाल्यावर बायकोने चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि थोड्या वेळाने अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो, माझं शेत कुठे गेलं?"

आता या शेताबद्दल सांगायला हवं. बाई फोनवर एक खेळ खेळत. त्यात प्रत्येकाला जमिनीचा तुकडा मिळतो, त्यात पेरायचं, पाणी घालायचं, काढायचं. कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी बायका आणि काही पुरुष मिळून एक संघ करतात. बाईंच्या संघाचं नाव होतं 'मुंग्या'. त्याच्या प्रमुख म्हणजे 'थोरली मुंगी', आणि आपल्या बाई तिथे 'गाजरवाली' होत्या. नुसत्या गाजरवाली नव्हेत, संघाचं कोठार त्यांच्या ताब्यात होतं. सगळ्यांनी वर्षभर पिकवलेलं त्यांच्याकडे ठेवलेलं, आणि येत्या रविवारी संध्याकाळी या खेळातली मोठी कापणी, म्हणजे वर्षाची सगळ्यात मोठी स्पर्धा. कोठार उघडलं नाही तर मुंग्या स्पर्धेला बसूच शकत नव्हत्या.

तपासनीसांना हे सगळं तेव्हा पहिल्यांदाच कळलं. खेळांविषयी त्यांचं ठाम मत होतं की मोबाईलवर खेळणं हा माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे. ठाम मतं त्यांच्याकडे भरपूर होती. ऑफिसात ती कोणी विचारत नसे आणि घरी बायको "हं" म्हणून स्वयंपाकघरात जायची. म्हणून ती सगळी संध्याकाळच्या टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत साठून राहत. त्या वेळी ते बैठकीच्या खोलीचं दार आतून लोटून घेत. खोलीत ते, टीव्ही, आणि खुंटीवर कायम अडकवलेला एक इस्त्रीचा शर्ट. स्वयंपाकघराच्या भिंतीत ताटं सरकवायची एक छोटी लाकडी खिडकी होती, तीही ते बंद करत. तिथे दार लावून नेमकं काय चाले हे जगात कोणालाही ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता.

"अगं, खेळच तो," ते म्हणाले. "दुसरं शेत घे."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळच्या आत माझं शेत मला परत पाहिजे. तुम्ही घालवलंत, तुम्हीच आणा." मग त्या फोन मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या. समोरच्या बिल्डिंगचा पाण्याचा पाइप सोडला तर खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मुलगी गेल्यापासून दुपारी हे घर किती रिकामं असतं, ते तपासनीसांना त्या रजेच्या दिवशी कळलं. ऑफिसात बसून हे दिसत नाही. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि वाईट वाटलं की ते कामाला लागत.

पासवर्ड तर त्यांना आठवतच नव्हता, आणि गुप्त प्रश्नातल्या मित्राचं नावही आठवेना. खोटं बोलणारे लोक पकडले का जातात, तर आपण काय बोललो ते त्यांना आठवत नाही म्हणून. हे ते ऑफिसातल्या नव्या लोकांना स्वतः शिकवत. त्यांनी ओळखीतली सगळी नावं टाकून पाहिली, मग वर्गातली, मग शेजाऱ्यांची. शेवटी यंत्राने त्यांना कुलूप लावलं. (ते नाव त्यांना पुढल्या महिन्यात दाढी करताना आठवलं, आणि गाल कापला. त्याचा आता काही उपयोग नाही.)

मग खेळाच्या कंपनीचं मदत केंद्र. तिथे माणूस नव्हता, बोलकं यंत्र होतं, आणि ते भलतंच विनयशील होतं. 'आपली अडचण समजून मला फार दुःख झालं,' असं म्हणून त्याने तपासनीसांना आपण माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगितलं. चौकोनी चौकोनी चित्रं आली. ज्या चौकोनांत वाहतुकीचा दिवा असेल ते निवडा. आता दिवा म्हणजे नुसता दिवा की दिव्याचा खांबही? तपासनीसांनी नियमाला धरून विचार केला. खांबाशिवाय दिवा उभा राहू शकत नाही, तेव्हा खांब हा दिव्याचाच भाग. यंत्राचं मत वेगळं पडलं. मग झेब्रा पट्टे आले, मग सायकली, त्यात एका चौकोनात फक्त सायकलची घंटी होती, आणि त्या घंटीवर तपासनीसांनी चहा गार होईपर्यंत विचार केला. शेवटी यंत्राने अतिशय विनयाने कळवलं की आपण माणूस आहात याची खात्री होऊ शकली नाही.

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारला, त्याला एका खेळण्याने तो विचारावा आणि नापास करावं! तपासनीस ते कोणाशी बोलले नाहीत. पण शुक्रवारी ऑफिसात खिडकीपुढे एक म्हातारे गृहस्थ आले, तेव्हा "तुम्ही तुम्हीच कशावरून" हे वाक्य त्यांच्या घशातच अडकलं. "बसा," ते म्हणाले, "पाणी घेता का?" शेजारच्या टेबलावरचा कारकून दचकून बघू लागला.

यंत्राने दुसरा मार्ग सांगितला होता. खातेदाराचा चेहरा आणि ओळखपत्र एकत्र दिसेल असा फोटो पाठवा. बाई निमूटपणे बसल्या, ओळखपत्र हनुवटीखाली धरलं. तपासनीसांनी पट्टी ओढली. पट्टी निघाली, डिंक राहिला. फोटोत बाई धुक्यातून येणाऱ्या आगगाडीसारख्या दिसत होत्या. रुमालाने पुसल्यावर डिंक सगळीकडे सारखा पसरला, एवढंच.

त्यामुळे शनिवारी फोन घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे जावं लागलं. दुकान म्हणजे एक काउंटर आणि समोर रस्ता. रांगेत बरीच मंडळी होती, त्यांत दातांचे डॉक्टर आणि मास्तरही होते. मोबाईलवाल्याचा आवाज मोठा होता आणि त्याला तो कमी करता येत नसे.

"काका, लॉक झालंय! सिक्युरिटीचा प्रश्न काय होता?"

"हळू बोला."

"बालपणीचा मित्र! कोण होता हो तुमचा मित्र?"

"तो नाही टाकला. खोटा टाकला."

"म्हणजे तुमचा मित्रच खोटा?"

रांगेतून एकदम मदत सुरू झाली. लोकांना दुसऱ्याच्या पासवर्डात जेवढा उत्साह असतो तेवढा स्वतःच्या लग्नातही नसतो. डॉक्टर म्हणाले, "माणूस खोटं सांगतो तेव्हा जवळचंच सांगतो. सासऱ्यांचं नाव टाकून बघा." सासऱ्यांचं नाव मोठ्याने उच्चारलं गेलं. मग जन्मसाल विचारलं गेलं, ते सांगितल्यावर पाठीमागून कोणीतरी "दिसत नाही हो" म्हणालं, आणि दुसरं कोणीतरी "दिसतं" म्हणालं. मास्तरांनी आठवणीसाठी बदाम सुचवले. एका बाईंनी विचारलं, "आणि गुडघा कसा आहे?" त्यांना गुडघ्याचं कोणी सांगितलं हे तपासनीसांनी विचारलंच नाही. जे फोनपासून लपवायला ते आठवडाभर झटले, ते सगळं आता रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि पट्ट्याच्या जाहिरातीशिवाय माहीत होतं.

मोबाईलवाल्याने कॅमेरा कसल्याशा द्रवाने पुसून लख्ख केला, फोटो काढला, पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं. आपल्या ओळखपत्रावरची जन्मतारीख आणि खात्यातली जन्मतारीख जुळत नाही. बरोबरच होतं. मास्तरांच्या सल्ल्याने तीही तपासनीसांनीच बदलली होती. यंत्राच्या हिशेबाने त्यांची बायको तिसरीत होती.

एकच वाट उरली. संघप्रमुखाने 'हीच आमची सदस्य' अशी खात्री दिली तर खातं उघडेल. त्यासाठी नवं खातं काढून खेळात शिरायचं आणि प्रमुखाला निरोप पाठवायचा.

रविवार उजाडला. बाई सकाळीच बहिणीकडे गेल्या. जाताना फोन टीव्हीसमोरच्या स्टुलावर ठेवून गेल्या, आणि त्या फोन ठेवून जातात हेच तपासनीसांना सहन होईना. त्यांनी दुपारी मेव्हणीला फोन केला. मेव्हणी म्हणाली, "ती पडलीय जरा. भाऊजी, ती म्हणाली की तुमचा फोन आला तर सांग, शेत सापडलं असेल तरच उठव." सापडलेलं नव्हतं. त्यांनी तब्येत वगैरे विचारून फोन ठेवला.

बायकोच्याच फोनवर नव्या खात्यासाठी त्यांनी जी जी भारदस्त नावं दिली ती सगळी आधीच कोणीतरी घेतलेली होती. यंत्राने आपणहून एक सुचवलं. नाइलाजाने, 'शंकेखोर बटाटा' या नावाने तपासनीसांनी खेळात पाऊल टाकलं आणि थोरल्या मुंगीला लिहिलं, 'मी गाजरवाली. माझं खातं बंद पडलं आहे. कृपया खात्री द्यावी.'

उत्तर लगेच आलं. 'असं सगळेच म्हणतात. मागच्या वर्षी एकजण आमची भेंडीवाली बनून आला आणि तिचं सगळं धान्य घेऊन पसार झाला. तुम्ही गाजरवालीच कशावरून?'

तपासनीसांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यांच्या नोकरीतलं, त्यांच्याच चालीतलं वाक्य, मुंगीच्या तोंडी. क्षणभर त्यांना थोरल्या मुंगीविषयी आदरच वाटला.

'विचारा,' त्यांनी लिहिलं.

'गाजरवाली आम्हाला तिच्या घरच्या "ह्यां"बद्दल रोज सांगते. जे फक्त तिलाच ठाऊक ते सांगा. फार वेळ नाही, संध्याकाळी कोठार उघडायचं आहे. तीनदा चुकलात तर मी तुम्हाला बाहेर काढीन.'

रोज! तपासनीस खुर्चीत सावरून बसले. बायको अनोळखी लोकांना आपल्याबद्दल रोज सांगते हे धक्कादायक होतं, पण काय सांगत असेल याचा त्यांना अंदाज होता. त्यांनी संकोच बाजूला ठेवला आणि लिहिलं, 'ते अत्यंत शिस्तप्रिय असून ऑफिसात त्यांच्या शब्दाला मान आहे.'

'चूक,' थोरली मुंगी म्हणाली. 'असलं आमच्या गाजरवालीने कधीच सांगितलेलं नाही.'

हे लागलं. कधीच नाही? निदान एकदा तरी? त्यांनी स्वतःला सावरलं आणि आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना बाहेर काढली. 'त्यांचं पत्र एकदा वर्तमानपत्रात छापून आलं होतं. उघड्या गटारांच्या प्रश्नावर.'

'कुठलं पत्र? आता एकदाच संधी. आणि खरं सांगू का, तुम्ही गाजरवाली नाही असं मला वाटायला लागलं आहे.'

बाहेर दिवस कलायला लागला होता. तपासनीस उठले, खोलीत फेऱ्या मारू लागले. आपल्यात सांगण्यासारखं काय आहे? त्यांना काही सुचेना, आणि ते न सुचणं त्यांना एकटेपणी फार झोंबलं. पट्ट्या लावून ज्या माणसाला जपलं त्याच्याकडे चोरण्यासारखं नेमकं काय होतं? तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. चर्चेची वेळ झाली होती. सवयीने त्यांनी टीव्ही लावला. रस्त्यारस्त्यावर कॅमेरे बसवावेत की नाहीत, यावर चार माणसं एकाच वेळी बोलत होती. एकजण म्हणाला की ज्याच्या मनात काही नाही त्याने कॅमेऱ्याला का घाबरावं. तपासनीसांच्या अंगात एकदम काहीतरी उसळलं आणि त्यांचा हात, त्यांना न विचारता, खुंटीवरच्या शर्टाकडे गेला.

हात तिथेच थांबला.

कारण त्या क्षणी त्यांना भिंतीतली ताटांची खिडकी दिसली. ती बंद होती. म्हणजे बंद वाटत होती. एका बाजूने बोटभर फट होती, आणि फळीची तेवढीच कड रोज सरकवून सरकवून गुळगुळीत झालेली होती. ते स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या पलीकडे, ओट्याच्या कडेला, बायकोचं ठेंगणं स्टूल होतं. त्यावर उशी होती. त्या उशीवर बसलं की फटीतून काय दिसतं ते पाहायला तपासनीस स्वतः बसले. टीव्ही अर्धाच दिसत होता. टीव्हीपुढची जागा मात्र पूर्ण दिसत होती.

ते तिथे थोडा वेळ बसून राहिले. मग परत येऊन त्यांनी फोन उचलला, आणि दाव्यांच्या कागदांवर भल्याभल्यांकडून कबुलीजबाब लिहून घेणाऱ्या त्या माणसाने आपला स्वतःचा लिहिला. एकेक अक्षर दाबताना त्यांचे कान तापत होते.

'ते टीव्हीवरच्या चर्चेशी भांडतात. उभं राहून. घरात ते बनियनवर असतात, पण भांडायच्या आधी खुंटीवरचा शर्ट घालतात. वरचं बटणही लावतात. कारण बनियनवर मत मांडू नये असं त्यांना वाटतं. बोलून झालं की शर्ट पुन्हा खुंटीला लावतात.'

त्यांनी ते पाठवलं आणि डोळे मिटले.

'गाजरवाली!' थोरल्या मुंगीने लिहिलं. 'बाई गं, कुठे होतीस? ओळख पटली. थांब, खात्री पाठवते.' आणि क्षणात फोनवर शेत उगवलं. गाजरं, विहीर, कोठार, सगळं जिथल्या तिथे. तपासनीसांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ताबडतोब मेव्हणीला फोन करून सांगितलं, "उठव तिला."

फोन बाजूला ठेवायचा, एवढंच काम उरलं होतं. पण फोन टुणटुण वाजतच राहिला. सगळ्या मुंग्या एकदम बोलत होत्या.

'तीन-चार दिवस ह्यांचं काहीच कळलं नाही, अगदी करमत नव्हतं.'

'ते वीजदरावर बोलले होते ना, ते मी आमच्या ऑफिसात माझं म्हणून सांगितलं. सगळे गप्प झाले.'

'मला त्यांचं एकही मत पटत नाही. पण ऐकल्याशिवाय जेवण जात नाही.'

'आज कॅमेऱ्यांवर चर्चा आहे. शर्ट घातला का त्यांनी? काय म्हणाले?'

तपासनीस वाचत राहिले. ऑफिसात जी मतं कोणी मागितली नाहीत, बायकोने "हं" म्हणून ज्यांच्याकडे पाठ फिरवली असं त्यांना वाटलं होतं, ती सगळी त्या बोटभर फटीतून रोज बाहेर जात होती आणि कुठल्या कुठल्या घरांत लोक त्यांची वाट बघत होते. आपली खाजगी बाब अशी चव्हाट्यावर आली म्हणून त्यांनी संतापायला हवं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. संताप येईना. उलट त्यांनी ते निरोप पहिल्यापासून पुन्हा वाचले.

आता थांबणं शहाणपणाचं होतं. पण प्रश्न थेट विचारलेला होता आणि उत्तर तयार होतं. त्यांनी लिहायला घेतलं. 'मुळात हा प्रश्नच चुकीच्या पद्धतीने मांडला जात आहे. ज्याच्या मनात काही नाही त्याने का घाबरावं, असं म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं की मनात काही नसलेला माणूस त्याने पाहिला आहे काय? तिसरा मुद्दा असा...' पहिला आणि दुसरा कुठे गेले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी ते भलंमोठं उत्तर पाठवून दिलं.

मग थोरल्या मुंगीचा निरोप आला.

'अहो, हे तुम्ही आहात ना?'

खोटं बोलायची संधी समोर होती, पण त्या आठवड्यात तपासनीसांचं खोट्यावरून मन उडालं होतं. 'हो,' त्यांनी लिहिलं. 'शेत मीच घालवलं होतं. ती बहिणीकडे आहे, येतेच आहे. कोठार वेळेवर उघडेल.'

'बरं,' थोरली मुंगी म्हणाली. 'पण शर्ट घातलाय का?'

तपासनीसांनी खाली पाहिलं. ते बनियनवर होते. त्यांनी फोन स्टुलावर ठेवला, उठून खुंटीवरचा शर्ट घातला, वरचं बटण लावलं, आणि मगच उत्तर दिलं.

बाई घरात आल्या तेव्हा तपासनीस बैठकीत पूर्ण शर्टात बसले होते आणि टीव्ही बंद होता. "कुठे निघालात?" त्यांनी विचारलं.

"कुठे नाही. शेत घे."

बाईंनी फोन घेतला, चष्मा लावला. कोठार उघडलं. मग त्यांचं बोट वरच्या निरोपांवर गेलं. त्या वाचत गेल्या, आणि वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते तपासनीसांनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच पाहिलं. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. कापणी सुरू व्हायची होती.

थोड्या वेळाने तपासनीसांनी टीव्ही लावला. चर्चा अजून चालूच होती, चर्चा कधीच संपत नाहीत. ते उभे राहिले, घसा साफ केला, पण सुरुवात करण्याआधी भिंतीपाशी गेले आणि ताटांची ती खिडकी पूर्ण उघडली. पलीकडे बाई उशीवर बसून गाजरं काढत होत्या.

"मुळात," तपासनीस म्हणाले.

"जरा सावकाश बोला," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि ते 'मुळात' दरवेळी नको. मला टाइप करायचं असतं."